तिसऱ्या विचारण्याची व्हिएन्ना मोहीम

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप गजराअक्का, मुक्काम तेरखेडा, यांचे चरणी धाकटा भाऊ बब्रुवान बिन व्यंकट, कायम मुक्काम परंडा, हल्ली मुक्काम म्युनिक, मुलूख जर्मनी, याचा दंडवत. विशेष. आपण फोनवरून हुकूम केला की, तिकडे युरोपात लेकीने हिंडवले म्हणे, तर कोणत्या ठिकाणी काय खाल्ले, कुठे काय प्याले, आणि मुख्य म्हणजे तू पोटभर जेवलास की नाही, हे सगळे लिहून धाड, फोनवर तू थापा मारतोस. हुकूम मान्य. परंडा किल्ल्यावर तीस वर्षे पहारेकरी होतो, येणाऱ्याजाणाऱ्यास तोफा आणि बुरूज दाखविता दाखविता हीच भाषा जिभेवर बसली, दुसरी सजवून लिहिता येत नाही, म्हणोन हिच्यातच लिहितो. लढणारा आणि लिहिणारा एकच असल्याने आपले नाव परक्याचे असल्यासारखे लिहिले आहे, म्हणजे बढाई मारण्यास लाज वाटेल.

प्रथम लढाईचे कारण. आपल्या मुलुखात जेवणाचे विचारणे तीनदा असते. पहिले रिवाजाचे, दुसरे मानाचे, तिसरे पोटाचे. पहिल्या दोहोंस नको म्हणावे आणि तिसऱ्यास, बरं वाढा थोडं, म्हणोन ताट पुढे करावे, ऐसा कायदा बापजाद्यांपासून चालत आला आहे, कोणी लिहून ठेविला नाही, कारण सर्वांस ठाऊक होता. कैलासवासी कोंडाबाई, बब्रुवानरावांचे कुटुंब, या कामी मोठ्या पटाईत. तिन्ही विचारणी एका दमात करीत. वाढू का, वाढते, वाढलं बघा, इतके म्हणेतो भाकरी ताटात पडलेली असे आणि बब्रुवानरावांचा नकाराचा हात वरच्या वर राही. अडतीस वर्षे त्यांनी दोन्ही वेळ नको म्हटले आणि अडतीस वर्षे दोन्ही वेळ पोटभर जेवले. मग गेल्या कार्तिकात बाई तीन दिवसांच्या तापाने गेल्या.

तेव्हापासून मोठा बाका प्रसंग. शेजारी विचारीत, भावकी विचारीत, लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारीत, आणि बब्रुवानराव कायद्याप्रमाणे नको म्हणत, आणि लोक फार तर दुसऱ्यांदा विचारून पुढे सरकत, कारण हल्ली लोकांस कामे फार. तिसऱ्या विचारण्यापर्यंत कोणी पोचेना. आपण होऊन मागावे, तर ते या तोंडास कधी ठाऊक नव्हते. घरी एकट्याने नको तरी कोणास म्हणावे, म्हणोन चहा, कधी दूध, कधी पावाचा तुकडा, ऐसे चालले. अकरा महिन्यांत अकरा किलो वजन उतरले, सदरा अंगावर वाळत घातल्यासारखा दिसू लागला, डॉक्टरांनी रक्त काढून तपासले आणि रोग काही सापडला नाही. तेव्हा अक्का, आपणच दरडावले की, लेकीकडे जा आणि तिथे एक जेवण तरी पोट भरून जेव, त्याशिवाय मला तोंड दाखवू नको. मोहीम ती हीच. बाकी शहर, राजवाडे, चर्च हे वाटेत लागले इतकेच.

आता फौज. कन्या वैष्णवी आणि जावई रणधीरराव, दोघे संगणकाच्या चाकरीत, म्युनिकास पाच वर्षे ठाणे देऊन आहेत. रणधीररावांच्या मातोश्री, मौजे ईट येथील आपल्या विहीणबाई कमलबाई, याही त्याच सुमारास लेकाकडे आल्या होत्या. व्याही योगीराज सोयाबीनची काढणी सोडून निघेनात, म्हणोन त्या एकट्याच आल्या. शुक्रवारची रजा काढून तीन दिवसांची स्वारी व्हिएन्ना शहरावर ठरली. हे व्हिएन्ना म्हणजे मोठ्या बादशहांच्या तख्ताची जागा. तुर्काने दोनदा वेढा घातला आणि दोन्ही वेळा शहर पडले नाही, ऐसे रणधीररावांनी गाडीत सांगितले. बब्रुवानराव खिडकीबाहेर पाहून मनात म्हणाले की, तिसऱ्यांदा विचारले असते तर पडले असते.

पहिली चकमक गाडीतच जाहली. कमलबाईंनी पहाटे उठून ज्वारीचे धपाटे थापले होते, बरोबर शेंगाचटणीची बरणी, आणि ही सारी रसद कापडी पिशवीत बांधून डोक्यावरच्या फळीवर ठेविली होती. साल्झबर्ग मागे पडल्यावर त्यांनी पिशवी काढिली, आणि पावण्यांस, म्हणजे बब्रुवानरावांस, एकदा विचारिले, पावणे नको म्हणाले, आणि दुसऱ्यांदा विचारिले, पावणे नको म्हणाले, आणि आता तिसऱ्यांदा विचारणार, तोच तिकीट तपासनीस येऊन उभा राहिला. रणधीररावांच्या मोबाइलात तिकिटे सापडेनात. मग सापडली तर ती परतीची. तो गोंधळ निवळेतो विचारणे तुटले. तुटलेले विचारणे सांधता येत नाही, पहिल्यापासून धरावे लागते, आणि पहिल्यापासून धरावे तर पावण्यास, ह्यांनी आपली हाव ओळखली काय, ऐसे वाटावे. कमलबाई जाणत्या, त्यांनी पिशवी गुमान फळीवर ठेविली. व्हिएन्ना आले, सर्वांची उतरण्याची धांदल, पिशवी वरच राहिली, आणि गाडी पुढे बुडापेस्टास जाणारी होती. येणेप्रमाणे बारा धपाटे आणि शेंगाचटणी लढाईवाचून बुडापेस्टास रवाना जाहली. त्या शहरी तिची काय व्यवस्था लागली ते कळत नाही.

दुपारी पहिला मोर्चा कॉफीच्या महालावर. अक्का, आपणास कधी जाण्याचा योग आला तर ही जागा चुकवू नये. छत दोन पुरुष उंच, गोल संगमरवरी मेजे, वर्तमानपत्रे लाकडी दांड्यांस अडकविलेली, आणि एक पेला कॉफी घेऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसले तरी कोणी ऊठ म्हणत नाही. चाकर काळा कोट घातलेला, त्याचा रुबाब किल्लेदाराचा. आपण हाक मारावी तर तो भिंतीकडे पाहतो, आणि त्याच्या मनात येईल तेव्हा येतो. तो आला आणि वैष्णवीच्या मारफत विचारिता जाहला की, काय आणू. बब्रुवानराव म्हणाले नको. पावणे नको म्हणतात आणि आपण कसे खावे, म्हणोन कमलबाईही म्हणाल्या नको. वैष्णवीने दुसऱ्यांदा विचारिले, दोघे पुन्हा नको म्हणाले, आणि आता खरी लढाई सुरू होणार म्हणोन बब्रुवानराव सावरून बसले, तो किल्लेदार कागद खिशात घालून निघून गेला होता. आपल्याकडे जिथे आरंभ, तिथे त्यांच्याकडे निकाल.

मग मुलांपुरत्या दोन कॉफ्या आल्या, आणि एक चॉकलेटचा काळा केक, शेजारी पांढऱ्या सायीचा डोंगर, आणि दुसरे पदर पदर असलेले सफरचंदाचे पक्वान्न, वर पिठीसाखर भुरभुरलेली, आतून वाफ निघते, आणि त्या वाफेस दालचिनीचा वास. हे सर्व बब्रुवानरावांनी बारकाईने पाहिले, म्हणोन लिहिता येते. कॉफीबरोबर चांदीच्या तबकात पाण्याचा पेला मिळतो आणि पेल्यावर चमचा पालथा ठेविलेला असतो. ते पाणी डोंगरातून नळाने येते आणि फार गोड आहे. दोघा ज्येष्ठांनी ते पिऊन इतकी तारीफ केली की मुलांनी हौसेने आणखी चार पेले पाणी मागविले.

सायंकाळी दुसरा मोर्चा एका तळघरातील खाणावळीवर. रणधीररावांनी मसलत केली की, विचारले तर हे नको म्हणतात, सबब न विचारता मागवावे. मसलत चांगली होती. यादीतील चित्र पाहून त्यांनी शेवयांसारखे काही मागविले. मोठ्या वाडग्यात पिवळे सार, त्यात पातळ धिरड्याच्या लांब फिती, वर हिरवी पात, आणि वास असा की बब्रुवानरावांच्या कानापर्यंत पाणी आले. न विचारता पुढे आले, म्हणजे नको म्हणण्यास जागाच नाही, हे पाहून ते मनी हर्षले. कमलबाईंनी चमचा भरून ओठांपाशी नेला, तोच वैष्णवीने यादी वाचली आणि सांगितले की, हे गाईच्या हाडांचे पाणी आहे. चमचा तिथेच थांबला. दोन्ही वाडगी मागे फिरली. कमलबाई लेकास रागे भरल्या नाहीत, मोठ्याने बोलल्याही नाहीत, फक्त हुकूम सोडिला की, इतउत्तर आम्हांस विचारल्याशिवाय पानात काही एक येता कामा नये. हुकूम वाजवी होता. परंतु त्या हुकुमाने न विचारता जेवण्याची वाट बंद जाहली आणि विचारून जेवण्याची वाट तर आधीच दोन पावलांवर खुंटलेली होती. त्या रात्री दोघांनी मेजावरच्या टोपलीतील पावाचे दोन दोन तुकडे खाल्ले आणि मुक्कामी आले.

दुसरे दिवशी शनिवार. सकाळी चहा आणि अर्धा पाव, ऐशी न्याहारी करून स्वारी बाजारात गेली. बाजार लांबच लांब, दोन्ही अंगास दुकाने, मसाल्यांच्या राशी, सुकी अंजिरे, लोणच्यांची पिंपे, चीजची चाके आपल्या गाडीच्या चाकाएवढी. तिथे एक मिशाळ दुकानदार पिंपापाशी उभा राहून येईल त्यास हाका घालीत होता. त्याने बब्रुवानरावांपुढे काडीस टोचलेले एक हिरवे फळ धरिले. बब्रुवानरावांनी हात जोडून नको म्हटले. त्याने हसून पुन्हा पुढे केले. बब्रुवानरावांनी पुन्हा नको म्हटले. आणि अक्का, काय सांगावे, तो माणूस दुकानाबाहेर आला, खांद्यावर हात ठेविला आणि तिसऱ्यांदा पुढे केले. अकरा महिन्यांनी प्रथमच. भर बाजारात बब्रुवानरावांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते फळ मोठ्या मानाने घेऊन तोंडात टाकिले.

ते ऑलिव्ह होते. दिसावयास कच्च्या बोरासारखे, आणि चव म्हणाल तर मिठात मुरलेली एरंडी. थुंकावे तर तिसऱ्या विचारण्याचा अपमान. बब्रुवानरावांनी डोळे मिटून ते गिळिले, आणि बीसुद्धा गिळिली, आणि मान डोलाविली. हे वैष्णवीने पाहिले. अण्णांस काहीतरी आवडले, ह्या आनंदात तिने अर्धा किलो ऑलिव्ह बांधून घेतले, आणि पुढे दर दहा मिनिटांनी पिशवी पुढे करू लागली, आणि नेमक्या या एकाच जिनसाविषयी ती तीनदा विचारू लागली, कारण खात्री होती. कायद्यास बांधलेले बब्रुवानराव तिसऱ्या खेपेस एक एक घेत गेले. दुपारपर्यंत सतरा ऑलिव्ह पोटात गेले. कमलबाई हे सर्व पदर तोंडाशी धरून पाहत होत्या. त्या हसत होत्या, ऐसे बब्रुवानरावांचे मत, परंतु पुरावा नाही.

दुपारी बादशहाच्या बागेत कठीण वेळ आली. बाग टेकडीपर्यंत चढत जाते, ऊन चांगले होते, आणि निम्म्या चढावर बब्रुवानरावांच्या डोळ्यांपुढे काजवे आले आणि ते वाळूच्या वाटेवर मटकन बसले. वैष्णवी धावत आली. रणधीरराव नळावरून पाणी आणावयास पळाले. त्या शहरात जागोजाग पाण्याचे नळ आहेत आणि हीच सोय मोठी आहे. पाणी प्याल्यावर डोळे निवळले. लेक समोर उकिडवी बसली होती. ती लहानपणी परंड्यास शाळेतून रडत आली तरी आवाज चढवीत नसे, आताही चढविला नाही.

म्हणाली, "अण्णा, तुम्ही न्हाय म्हणता, मी न्हायच समजते. इथं तसंच हाय. आई कसं वळखायची, मला न्हाय ठाव."

यावर उत्तर सोपे होते. आणखी एकदा विचार, एवढेच. परंतु हे सांगणे म्हणजे मागणेच जाहले, आणि मागावयाचे तर एवढा खटाटोप कशास. बब्रुवानराव म्हणाले की, ऊन लागले, दुसरे काही नाही. तिने पुन्हा विचारिले नाही. तिचा चेहरा पाहून त्यांस कळले की, आपण पोटाची लढाई लढतो आहोत आणि मार लेकीस बसतो आहे.

त्याच सायंकाळी शेवटचा मोर्चा. ट्रामचे शेवटचे ठाणे, शहर संपते आणि द्राक्षांच्या टेकड्या सुरू होतात. तिथे शेतकरी आपल्याच अंगणात आपलीच दारू विकतो. दारावर हिरवी डहाळी टांगलेली असली म्हणजे ठाणे उघडे, डहाळी नाही तर मागे फिरावे, ही खूण ध्यानात ठेवावी. आपल्याकडे तुळजापूर नळदुर्गाकडे द्राक्षाचे मांडव असतात, तसे इथे नाहीत, तारांवर चढविलेल्या कमरेएवढ्या ओळी. त्यांची माती पाहून बब्रुवानरावांनी चिमूट उचलून चोळली, आणि कमलबाईंनीही चोळली, आणि मुरमाड आहे, यावर दोघांचे एकमत जाहले. दोन दिवसांत पाण्याच्या तारिफेनंतर हे दुसरे एकमत.

अंगणात अक्रोडाखाली लांब बाकडी. त्या महिन्यात तिथे नवी दारू मिळते. द्राक्षाचा रस नुकता आंबू लागलेला, ताकासारखा गढूळ, जिभेवर गोड आणि फसफसता. रणधीररावांनी आपल्या दोघांपुरता एक तांब्या सांगितला, तो यजमानीण बाईने चौघांस चार पेले भरून ठेविले आणि ती निघून गेली. तिने विचारिलेच नाही. भरलेला पेला मागे सारणे कायद्यात बसत नाही. कमलबाईंनी वास घेतला आणि निवाडा दिला की, रसच आहे. रणधीरराव म्हणाले की, अर्धा रस आहे. त्यावर कमलबाई म्हणाल्या की, मग आम्ही तेवढाच अर्धा घेतो. आणि अर्धा घेतला. आणि मग उरलेला अर्धा एकटा पडला म्हणोन तोही घेतला. बब्रुवानरावांनीही तोच कित्ता गिरविला. पोट दोन्हीकडे मोकळेच होते, त्यामुळे द्राक्षाचा अंमल थेट मस्तकी पोचला. अक्रोडाचे झाड फार प्रेमळ दिसू लागले. कमलबाईंचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला, आणि त्यांनी शेजारच्या बाकड्यावरील पांढऱ्या केसांच्या साहेबास मराठीत विचारिले की, तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे, आणि तो साहेब त्याच्या भाषेत बराच वेळ उत्तर देत राहिला, आणि दोघांचे समाधान जाहले.

जेवणाची तऱ्हा अशी की, कोणी मेजापाशी येत नाही. आत काचेच्या पेटीत पदार्थ मांडलेले, ज्यास हवे त्याने उठावे, रांगेत उभे राहावे आणि बोट दाखवावे. मुलांनी दोनदा विचारिले, ज्येष्ठ दोनदा नको म्हणाले, आणि मुले आत गेली. बब्रुवानरावांनी जागा हेरली आणि त्यांचा धीर खचला. आजवर विचारणारे दोनदाच विचारीत, इथे विचारणाराच नाही.

मेजापाशी दोघेच उरले. कमलबाई रिकाम्या पेल्यात पाहत होत्या. मग पेल्याकडेच पाहत बोलल्या.

"कालपास्नं पोटात काय न्हाय, पावणं. तुमी जेवंना झालाव, म्या कशी जेवू?"

अक्का, मी किल्ल्यावर हजारांस तोफ दाखविली, परंतु तोफेचा आवाज कसा असतो ते त्या दिवशी कळले. बब्रुवानराव समजत होते की, उपास आपला एकट्याचा आहे. ह्या बाईने पहाटे उठून धपाटे थापले, त्यांतला एक मोडून खाल्ला नाही. चमचा ओठांशी येऊन परत गेला. केक पाहिला, सफरचंद पाहिले, पाण्याची तारीफ केली. आणि हे सर्व बब्रुवानराव नको म्हणत होते म्हणोन.

बब्रुवानराव उठले. बाकडे किंचित हलले, की तेच हलले, हे नक्की सांगता येत नाही. चालत आत गेले, आणि गठ्ठ्यातील एक रिकामी थाळी उचलली, आणि रांगेत उभे राहिले. त्रेसष्ट वर्षांच्या हयातीत रिकामी थाळी आपल्या हाती धरून उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. पुढे वैष्णवी उभी होती. तिने वळून पाहिले, थाळी पाहिली, आणि लगेच पुढे तोंड केले, जणू काही पाहिलेच नाही. मग न वळताच म्हणाली की, कशाकडे बोट दाखवता ते सांगा, मी हाडांचं पाणी न्हाय ना ते विचारते. पेटीमागे जाडजूड बाई, पुढे फडके बांधलेली. बब्रुवानरावांनी बटाट्याच्या कोशिंबिरीकडे बोट केले, तीत हाडांचे पाणी निघाले, ती बाद. मग पालक भरून भाजलेली गुंडाळी, ती मंजूर. भोपळ्याच्या बियांच्या तेलातील घेवडा मंजूर. भाजलेल्या मिरच्या, उकडलेली अंडी, चीज कालवून केलेली लाल चटणी मंजूर. काळा पाव, जाड सालीचा, आपल्या भाकरीच्या जातीतला, त्याचे चार तुकडे मंजूर. किती घालू, ऐसे ती बाई हाताने विचारी, आणि बब्रुवानराव हातानेच, आणखी, म्हणत. थाळीचा डोंगर जाहला.

ती थाळी दोन्ही हातांनी धरून ते अंगणात आले आणि कमलबाईंपुढे ठेविली.

म्हणाले, "घ्या, इहीणबाई."

त्या म्हणाल्या नको, तुमी घ्या.

"घ्या की."

त्या पुन्हा नको म्हणाल्या. आता तिसरे विचारणे. पण त्या क्षणी बब्रुवानरावांनी मनातल्या मनात सगळे दप्तर उलथे केले, अडतीस वर्षांचे, आणि कोंडाबाईस तिसऱ्यांदा कोणी विचारिले, याचा एकही दाखला सापडला नाही. दुसऱ्यांदाचा नाही. पहिल्यांदाचाही नाही. ती सर्वांच्या मागून चुलीपाशी पाठमोरी बसे, आणि जेवली की नाही, आणि किती जेवली, आणि भाकरी पुरली की नाही, याचा कागद नाही, आणि नवऱ्याने तो कधी मागितलाही नाही. तिला विचारणे किती सोपे होते. ताट पुढे करावे आणि तोंडाने म्हणावे. थाळीच्या कडेस धरून बब्रुवानराव तसेच उभे राहिले, आणि कमलबाई वाट पाहत राहिल्या. त्यांनी घाई केली नाही.

मग तिसऱ्यांदा विचारिले. "जेवा, बाई," इतकेच म्हणाले. आवाज बरोबर लागला नाही, तरी शब्द लागू पडले. कमलबाईंनी पावाचा तुकडा मोडला, लाल चटणीत बुडविला आणि तोंडात घातला, आणि डोळे मिटून चावू लागल्या, आणि दुसरा घास घेतला, आणि तिसरा घेतल्यावर त्यांस रिवाज आठवला. त्यांनी थाळी मेजाच्या मध्यावर सरकविली आणि आपले पहिले विचारणे केले की, पावणं, तुमी बी घ्या.

आणि बब्रुवानराव म्हणाले, व्हय.

कमलबाईंचा घास हातातच राहिला. त्या खरोखर रागावल्या.

"आजून दोनदा इचारायचं हाय. थांबा की जरा."

"भूक लागलीया, इहीणबाई," बब्रुवानराव म्हणाले. "लई दिसाची."

मग जे युद्ध जाहले त्याचे वर्णन करावयास शब्द थोडे. पालकाची गुंडाळी मध्यावर फोडली आणि दोन्ही अंगांनी हल्ला चढविला. घेवडा एका तडाख्यात खलास. अंडी आठ होती, ती बब्रुवानरावांनी एकट्याने कापून काढिली, कमलबाईंस ती चालत नाहीत. मिरच्या दिसावयास जहाल, परंतु आतून गोगलगाईसारख्या मऊ, त्यांस दोघे मिळून हसले. पाव संपला, कुमक मागविली, रणधीरराव दोनदा आत पळाले. पांढऱ्या केसांचा साहेब आपला पेला उंच धरून काही म्हणाला, आणि बब्रुवानरावांनी त्यासही काळा पाव खाण्याचा आग्रह तीनदा केला, आणि त्याने पहिल्याच खेपेस घेतला, कारण त्याच्याकडे तसेच आहे. शेवटी जर्दाळू पोटात घालून उकडलेला पिठाचा एक एक गोळा, वर परतलेला रवाळ चुरा आणि साखर, हा आपल्या नागपंचमीच्या दिंडाचा लांबचा भाऊ समजावा. तो प्रत्येकी दोन. वैष्णवी मध्येच हात धुवावयास म्हणोन उठून गेली आणि पुष्कळ वेळाने आली. हात धुण्यास इतका वेळ लागत नाही, परंतु बब्रुवानरावांनी चौकशी केली नाही. तिच्या थाळीत आपल्या गोळ्यातील अर्धा ठेविला, आणि ती नको म्हणाली, आणि पुन्हा नको म्हणाली, आणि तिसऱ्यांदा गप्प बसून खाल्ला.

उरलेले ऑलिव्ह ट्रामच्या ठाण्यावरील कबुतरांस देऊ केले. कबुतरांनी घेतले नाहीत. त्यांस तीनदा विचारिले होते.

येणेप्रमाणे अश्विन मासी, शनिवारी, सूर्य द्राक्षाच्या टेकडीआड जाण्याच्या समयी, शहर व्हिएन्ना येथे बब्रुवान बिन व्यंकट पोटभर जेवला, मोहीम फत्ते जाहली. तुर्काने दोनदा वेढा घालून जे जमले नाही ते परंड्याच्या पहारेकऱ्याने आणि ईटच्या विहीणबाईंनी एका थाळीत केले. साक्षीस कमलबाई आहेत, त्यांस फोन करून खात्री करावी. खाण्यापिण्याची ठिकाणे वर लिहिली आहेत. त्यांत कॉफीच्या महालातील सफरचंदाचे पक्वान्न आम्ही रविवारी सकाळी परत जाऊन खाल्ले, किल्लेदार समोर येऊन उभा राहताच बोट दाखवून मागितले, फार उत्तम आहे.

लिहावयाचे ते संपले. अक्का, आपण जेवलात काय? हे पहिले विचारणे समजावे. आपण नको म्हणाल, ठाऊक आहे. उरलेली दोन आज फोनवर करतो.